‘माझ्याकडे बघ’ ही ओळ फायलीतून काढा : विशेष शिक्षक आणि थेरपिस्टना खुले पत्र

राज्यातल्या विशेष शाळांमधले शिक्षक, समावेशित शिक्षणाचं काम करणारे विशेष शिक्षक, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि ज्यांच्या वर्गात एखादं स्वमग्न (ऑटिस्टिक) मूल बसतं त्या सगळ्या बाई आणि सर यांना,

सप्रेम नमस्कार.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझा दहा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. पेन्सिल कशी धरायची, जिना एकेका पायाने कसा उतरायचा, पाणी हवं असेल तर आधी हाताने आणि मग शब्दाने कसं मागायचं, हे सगळं त्याला तुमच्यासारख्याच माणसांनी शिकवलं. "आई" हा शब्दही एका ताईंनीच त्याच्याकडून म्हणवून घेतला. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो पावणेपाच वर्षांचा होता. हे ऋण फिटण्यासारखं नाही. म्हणून खालची विनंती घरातल्या माणसाने केली आहे असं समजून वाचा.

त्याच्या फायलीत एक ओळ आहे. साडेतीन वर्षांचा असताना ती पहिल्यांदा लिहिली गेली. पुढे केंद्र बदललं, शाळा बदलली, फाइल जाडजूड झाली, पण त्याला काय शिकवायचं ते ठरवणाऱ्या प्रत्येक नव्या आराखड्याच्या पहिल्या पानावर ती ओळ आहेच : "आय कॉन्टॅक्ट वाढवणे. उद्दिष्ट : पाच सेकंद."

ते कसं चालायचं हे तुम्हाला माहीत आहे. समोरासमोर दोन छोट्या खुर्च्या. ताई एक रंगीत गोळी स्वतःच्या डोळ्याशेजारी धरायच्या आणि म्हणायच्या, "माझ्याकडे बघ." बघितलं की गोळी मिळायची, नाही बघितलं की पुन्हा तेच. मी काचेबाहेर उभी असायचे. त्याचे खांदे कानांपर्यंत वर चढलेले असायचे आणि बोटांनी चड्डीची शिवण घट्ट चिमटीत धरलेली असायची. घरी मी स्वतः तेच करत होते, त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवत होते. सहा महिन्यांनी त्या ओळीपुढे बरोबरची खूण आली. त्या दिवशी मी पेढे नेले होते.

नेमकं काय साध्य झालं होतं, ते मला गेल्या दिवाळीत कळलं. अभ्यंगस्नानानंतर मी टिकली न लावता त्याच्यासमोर फराळाचं ताट ठेवलं. तो अस्वस्थ झाला. "टिकली लाव," म्हणाला. का रे, विचारलं. "मग बघू कुठे? डोळे हलतात. टिकली हलत नाही."

सहा वर्षं तो माझ्या कपाळाकडे बघत होता.

त्या रात्रीपासून मी हा विषय मिळेल तिथून वाचायला सुरुवात केली. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते, कारण मेंदूत काय चाललंय हे कळलं की ती ओळ लिहिताना तुमचाही हात थांबेल असं मला मनापासून वाटतं.

कानशिलांच्या आत खोलवर, मेंदूच्या दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा पेशींचा एकेक पुंजका असतो. त्याचं नाव अमिग्डाला, आणि या ग्रीक शब्दाचा अर्थही बदामच. समोर आलेल्या गोष्टींतलं महत्त्वाचं काय, धोक्याचं काय, हे क्षणात ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. 2005 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात किम डाल्टन, रिचर्ड डेव्हिडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले, तेव्हा त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग चालू होतं आणि नजर नेमकी कुठे पडते तेही मोजलं जात होतं. जे मूल चित्रातल्या डोळ्यांवर जास्त वेळ थांबलं, त्याचा अमिग्डाला जास्त पेटलेला दिसला. डोळ्यांपासून दूर सरकणं हा त्या मुलांसाठी आतला आवाज कमी करण्याचा मार्ग असावा, असा त्याचा अर्थ निघतो.

2017 मध्ये मेंदूसंशोधक नूशीन हाजिखानी यांच्या गटाने याच्या पुढचं पाऊल टाकलं. हलणारे चेहरे दाखवताना त्यांनी एकदा लोकांना हवं तिथे बघू दिलं आणि एकदा नजर डोळ्यांच्या भागातच ठेवायला लावली. डोळ्यांवर नजर बांधून ठेवली, तेव्हा स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूतली एक जुनी, आतली वाट प्रमाणाबाहेर सक्रिय झाली. अमिग्डाला या वाटेवरचाच एक थांबा आहे. नवजात बाळाला चेहऱ्याकडे वळवणारी वाट हीच मानली जाते. म्हणजे जी वाट माणसाला माणसाकडे ओढून नेते, तिच्यावरच इथे आवाज असह्य मोठा लागलेला असतो. थेरपीत डोळ्यांत बघण्याची सक्ती केली तर मुलाला फार ताण येऊ शकतो, हा इशारा या संशोधकांनीच दिला.

टिकलीवरून आठवलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेंदूच्या खालच्या बाजूला चेहरे ओळखण्यात तरबेज असलेला एक भाग असतो, फ्युजिफॉर्म म्हणतात त्याला. 2000 च्या सुमारास काही प्रयोगांत दिसलं की स्वमग्न व्यक्तींमध्ये चेहरा बघताना हा भाग फारसा जागा होत नाही. यांच्या मेंदूला चेहरा म्हणजे एक वस्तूच वाटते, इथपर्यंत निष्कर्ष गेले. 2004 मध्ये हाजिखानी यांच्याच गटाने चेहऱ्याच्या चित्रावर मधोमध एक फुली काढली आणि नजर तिथे ठेवा असं सांगितलं. तेवढ्याने तो भाग जागा झाला. मेंदूचा तो भाग शाबूत होता, नजर तिथवर पोचत नव्हती इतकंच. माझ्या लेकाने कुणी न शिकवता स्वतःसाठी अशीच एक फुली शोधून काढली होती, माझ्या कपाळावरची.

आता दुसरी बाजू. सगळे प्रयोग एकाच सुरात बोलत नाहीत. वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी 2013 मध्ये दाखवलं की पुढे ज्यांना ऑटिझमचं निदान झालं, ती बाळं दोन महिन्यांची असताना डोळ्यांकडे इतर बाळांसारखीच बघत होती. ते बघणं दोन ते सहा महिन्यांच्या काळात हळूहळू ओसरत गेलं. त्याच गटाला 2017 मध्ये दोन वर्षांच्या मुलांत भीती किंवा टाळाटाळ दिसली नाही. डोळ्यांकडे त्यांचं लक्ष वळवलं तर ती मुलं तिथून पळत नव्हती. त्यांना डोळ्यांत काही विशेष वाटतच नव्हतं. स्टॅनफर्डमधल्या एका गटाला, तेही 2013 मध्येच, स्वमग्न मुलांच्या मेंदूत माणसाचा आवाज ऐकणारा भाग आणि आनंदाचं बक्षीस देणारी केंद्रं यांच्यातली जोडणी कमकुवत आढळली. त्यामुळे सगळ्या स्वमग्न मुलांना डोळ्यांची भीती वाटते असं मी म्हणणार नाही. एखाद्याला ते असह्य होत असेल, एखाद्याला निरर्थक वाटत असेल, आणि वयाबरोबर एकाचं दुसरं होतही असेल.

पण आपल्या खोलीतली समोरासमोरची खुर्ची दोन्हींना एकच औषध देते. ज्याला असह्य होतं त्याला आपण सहन करायला लावतो. ज्याला त्यात अर्थ दिसत नाही, त्याला आपण गोळीचा अर्थ शिकवतो. तोही आईच्या टिकलीसारखा डोळ्यांशेजारच्या गोळीकडे बघायला शिकतो. डोळ्यांत दडलेलं सांगणं, चिडणं, हसणं, "बघ तिकडे मांजर" म्हणून नजरेने दाखवणं, यातलं त्याच्या हाती काय लागतं?

वर्गात याचं काय होतं तेही ऐका. गेल्या वर्षी परिसर अभ्यासाची तोंडी परीक्षा होती, विषय महाराष्ट्रातल्या नद्या. नद्या म्हणजे याचा जीव की प्राण. बाईंनी विचारलं, कृष्णेचा उगम कुठे? तो खिडकीच्या गजांकडे बघत ओठ हलवायला लागला. बाई प्रेमाने म्हणाल्या, "माझ्याकडे बघून सांग, बाळा." त्याने मान वळवली, बाईंकडे बघितलं आणि गप्प झाला. पुढच्या तीनही प्रश्नांना गप्प. बाईंनीच हे मला हळहळून सांगितलं. घरी येताना तो स्कूटरवर माझ्या मागे बसला होता. सिग्नल सुटायच्या आत महाबळेश्वरपासून सुरुवात झाली. वेण्णा माहुलीला येऊन मिळते, कोयना कराडला, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला. हेल्मेटमुळे मला अर्धंच ऐकू येत होतं, पण त्याचं थांबणं नाही. स्कूटरवर त्याच्यासमोर माझी पाठ असते. आयुष्यात तो सगळ्यात जास्त तिथे बोलला आहे.

चेहरा वाचणं हे कुठल्याही मेंदूला कष्टाचंच काम असतं. आपली बाकीची मुलं सतराचा पाढा म्हणताना कुठे बघतात, आठवून पाहा. छताकडे. स्कॉटलंडमधल्या ग्विनेथ डोहर्टी-स्नेडन यांच्या गटाने मुलांवर हेच अभ्यासलं आहे. प्रश्न अवघड झाला की मुलं समोरच्याच्या चेहऱ्यावरून नजर काढून घेतात. 2006 मध्ये पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना नजर बाजूला न्यायला शिकवलं, तर त्यांची उत्तरं सुधारली. ज्या मुलाच्या मेंदूत समोरचा चेहराच कानठळ्या बसवतोय, त्याला आपण सांगतो की आधी त्याकडे बघ आणि मग आठव.

शिवाय हा आग्रह आपल्याकडे आला तरी कुठून? मी साताऱ्याकडच्या एकत्र कुटुंबात वाढले. आजोबा बोलत असताना मान वर केली तर आजी म्हणायची, "डोळे वर करून काय बघतेस?" मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हा आमच्याकडे संस्कार होता. आपल्या भाषेत नजरेला नजर भिडवतात ती भांडणात किंवा आव्हान देताना. दुसरीकडे "नजर चुकवतो म्हणजे मनात काहीतरी आहे" हेही आपणच म्हणतो, आणि माझा लेक त्याच मापाने मोजला जातो. चेहऱ्याकडे न बघणं ऑटिझमच्या वर्णनात पहिल्यापासून आहे, 1943 मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी 11 मुलांबद्दल लिहिलं तेव्हापासून. आपल्याकडे मूल्यमापनासाठी 2009 पासून वापरात असलेल्या आयएसएए (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) या चाळीस मुद्द्यांच्या पट्टीत तर पहिलाच मुद्दा आय कॉन्टॅक्टचा आहे. माझा अंदाज असा की पट्टीवरचा पहिला मुद्दाच आराखड्यातलं पहिलं उद्दिष्ट होऊन बसतो. लक्षण म्हणून त्याची नोंद जरूर करा, निदानाला ती लागते. पण ताप मोजायचा थर्मामीटर बर्फात बुडवून कुणाचा ताप उतरत नाही.

"त्याला जगात वावरायचं आहे ना? उद्या मुलाखतीला जाईल तेव्हा?" हा प्रश्न मला आतापर्यंत तीन जणांनी विचारला, तिघेही त्याच्यावर माया करणारे. माझं उत्तर असं. तो पंधरा-सोळा वर्षांचा झाला की त्याला मोकळेपणाने सांगू, की लोक डोळ्यांकडे बघण्याला मान देतात, कपाळाकडे किंवा नाकाच्या शेंड्याकडे बघितलं तरी चालून जातं, वापरायचं की नाही ते तू ठरव. तेव्हा ते त्याचं स्वतःचं हत्यार असेल. साडेतीन वर्षांच्या मुलाकडे ठरवायला काहीच नव्हतं. डोळ्यांत बघणं कसं वाटतं, असं मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांना विचारलं गेलं, तेव्हा अनेकांनी ते जळल्यासारखं, अंगावर आल्यासारखं, विचार पुसून टाकणारं असतं असं लिहिलं आहे. हे मी वाचत होते तेव्हा मला ती चड्डीची शिवण दिसत होती.

आणि जग म्हणजे तरी एकच बाजू का? डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. 2012 मध्ये त्यांनी मांडलं की स्वमग्न आणि इतर यांच्यातली अडचण दुहेरी आहे. त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्याला तेही कळत नाहीत. हे ताडून पाहायला कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या एडिनबरोमधल्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये चक्क कानगोष्टींचा खेळ खेळवला. आठ-आठ जणांची साखळी, पहिल्याने ऐकलेली गोष्ट शेवटच्यापर्यंत किती शाबूत पोचते ते मोजायचं. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच चांगली पोचली, मिश्र साखळीत मात्र गळत गेली. पुढे 300 हून अधिक जणांना घेऊन मोठा प्रयोग झाला तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही. पण स्वमग्न माणसं एकमेकांशी नीट संवाद साधतात, हे दोन्ही वेळा दिसलं. आपल्या मराठी शब्दाला हे पेलत नाही. ‘स्वमग्न’ म्हणजे स्वतःत बुडालेला. त्या शब्दानेच आपण धरून चालतो की दार आतून बंद आहे.

मग त्या ओळीच्या जागी काय, असं तुम्ही विचाराल. उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. गोव्यातल्या संगत या संस्थेने रावळपिंडीतल्या सहकाऱ्यांबरोबर एक चाचणी केली, तिचे निकाल 2016 मध्ये आले. दोन्ही ठिकाणची मिळून 65 मुलं होती. काम करणारे विशेषज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पालक मुलाशी खेळतानाचं थोडं चित्रीकरण करायचं, मग पालकांबरोबर बसून ते बघायचं आणि शोधायचं की मूल कशात रमलंय, आपण त्याच्या मागे कधी गेलो आणि कधी त्याला आपल्याकडे ओढलं. शिकायचं होतं ते मोठ्या माणसाने. त्यातून पालक मुलाच्या लयीत जास्त राहू लागले, आणि मुलं आपणहून पालकांशी संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. सगळीच मोजमापं सुधारली नाहीत, एकत्र लक्ष देण्याचा वेळ तर कमी झाला. तरी मूल स्वतःहून काही सांगायला आलं, यापेक्षा मोठं उद्दिष्ट मला तरी सुचत नाही.

घरी मी आता त्याच्या शेजारी बसते, समोर नाही. दोघांच्या मध्ये काहीतरी असतं, नकाशा, निवडायची मेथी, नाहीतर सोलायचे मटार. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजते. नऊला उत्तर येतं. आधी मी चौथ्या आकड्याला "ऐकतोयस ना? इकडे बघ" म्हणायचे आणि तयार होत आलेलं उत्तर मोडून टाकायचे. मेथी निवडताना मध्येच कधीतरी तो मान वर करून माझ्याकडे एक क्षण बघतो. टिकलीकडे की डोळ्यांकडे, ते मी तपासत नाही.

तुमच्याकडे याहून बऱ्या युक्त्या असतील, कारण तुमच्या हाताखालून शेकडो मुलं गेली आहेत. मी एवढंच मागते. नव्या आराखड्यात आय कॉन्टॅक्ट हे उद्दिष्ट म्हणून लिहू नका. हनुवटी धरून तोंड वळवणं, डोळ्याजवळ गोळी धरणं बंद करा, आणि पालक आग्रह धरतील तेव्हा त्यांना समजावून सांगा. आम्ही आग्रह धरतो, कारण बरोबरची खूण दिसते अशा फार थोड्या गोष्टी आमच्याकडे असतात. शाळेतल्या बाई आणि सरांना सांगते, तोंडी परीक्षेत मुलाला टेबलाकडे, खिडकीकडे, कुठेही बघून उत्तर देऊ द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये स्वमग्नता आहे, आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देणं ही शाळेची जबाबदारी त्याच कायद्याने ठरवली आहे. खिडकीकडे बघू देण्याला तर पैसाही लागत नाही.

जूनमध्ये माझ्या लेकाचा नवा आराखडा तयार होईल. पहिल्या पानावरच्या त्या ओळीच्या जागी काय लिहावं, हे मी त्यालाच विचारलं. स्कूटरवर, पाठीमागे बसलेला असताना. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं देते : "बोलताना इकडेतिकडे बघतो. ऐकत असतो. थांबा."

तुमच्या विद्यार्थ्याची आई